पावणेतीन सिरिंजा

जमिनीवर माझ्या इंजिनात खोट काढणं अवघड होतं. दुसऱ्या झटक्याला ते पेट घ्यायचं, सुई जागेवर आणली की आवाज एकसुरी व्हायचा, विमानाचं नाक आभाळाकडे उभं धरलं तरी दम सोडायचं नाही. हवेत गेलं की मात्र चार-पाच मिनिटांत आवाज चढायचा, चिरका व्हायचा आणि मग एकदम शांतता. ती शांतता ज्यानं ऐकलीय त्यालाच ती कळेल. विमान वर तरंगत असतं, हातात रेडिओ असतो आणि खाली यायला एकच संधी असते. आमच्या माळाच्या तिन्ही बाजूंनी ऊस. उभ्या उसात पडलेलं विमान शोधायचं म्हणजे मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आत शिरायचं, पात्यांनी कापलेले कान आणि मान घेऊन दोन तासांनी बाहेर यायचं. त्या उन्हाळ्यात मी असा चार वेळा उसात शिरलो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो, शंभराव्या भागाचा फरक मला चालत नाही. त्यामुळे मुठीत मावेल एवढं हे इंजिन मला समजणार नाही असं कधी वाटलंच नाही. ४६ साइजचं इंजिन, म्हणजे ०.४६ घनइंच, आपल्या हिशेबात साडेसात सीसी. ११ बाय ६ चा प्रॉप लावला की मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे. त्यात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. त्याच्या पोटात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार गुंडाळलेली असते. सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावून ती तार लाल करायची आणि इंजिन धरलं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे ती तार स्वतःच धगधगत राहते, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथेच उष्णता तयार होते, आणि सिलिंडरातला दाब नि प्रत्येक स्फोटाची धग तिला विझू देत नाही. १९४७ च्या सुमाराला अमेरिकेत रे आर्डन यांनी हा प्लग बाजारात आणला, तेव्हा मॉडेल विमानांवरून कॉइल, पॉइंट आणि बॅटरी यांचं ओझं कायमचं उतरलं. मला ही गोष्ट अजून नवलाची वाटते. नखाएवढ्या जागेत एक निखारा, आणि त्याला फुंकर घालणारं इंजिन तेच.

पण या सोपेपणाची एक किंमत आहे. पेट नेमका केव्हा घ्यायचा हे सांगणारं वेगळं काही या इंजिनात नाही. इंधन, प्लग, दाब आणि प्रॉपचं ओझं, सगळे मिळून ते ठरवतात. म्हणून इथे एक दुखणं दहा कारणांनी होऊ शकतं, आणि दहा दुखणी बाहेरून सारखीच दिसतात.

बाहेरून हाताला येणारी गोष्ट एकच, सुई. ती उघडली की इंधन जास्त जातं, आवाज घोगरा होतो, धुराचा पट्टा मागे राहतो, पंख तेलानं चिकट होतो. आवळली की धूर कमी होतो, आवाज गोड होत जातो, ताकद वाढते. आणि त्या गोडव्याच्या पुढे अर्धी क्लिक गेलं की इंजिन भाजायला लागतं. यात तेलाची वेगळी सोय नसते. माझं इंधन म्हणजे शंभरात ऐंशी भाग मिथेनॉल आणि वीस भाग एरंडेल. तेच एरंडेल बेअरिंगला, तेच पिस्टनला. सुई आवळून इंधन तोडलं की तेलही तुटतं आणि मिथेनॉलचा गारवाही जातो. म्हणून जाणते लोक सर्वांत जास्त फेऱ्यांची जागा शोधतात आणि तिथून दोनतीनशे फेरे खाली येऊन थांबतात. वर गेल्यावर प्रॉपचं ओझं हलकं होतं, फेरे वाढतात, मिश्रण आपोआप आणखी कोरडं होतं. त्यासाठी ती शिल्लक.

मी ती शिल्लक ठेवत होतो. तरी ते बंद पडायचं.

माळावर आप्पा सगळ्यांत जुने. त्यांनी प्लग काढायला लावला, उन्हात धरून बघितला. तार चकचकीत असायला हवी, ती करडी पडली होती. "प्लग गेलाय," आप्पा म्हणाले. नवा प्लग घातला. पुढच्या रविवारी इंजिन पुन्हा बंद.

दुसऱ्यानं सांगितलं, नायट्रो घाल. नायट्रोमिथेन आपल्याकडे सहज मिळत नाही, मिळालं तर स्वस्त नसतं. तरी दहा टक्क्यांचं इंधन आणलं, त्याला जास्त इंधन लागतं म्हणून सुई उघडली. जमिनीवर जोर वाढला आणि हवेत आणखी लवकर बंद पडलं. तिसऱ्यानं प्रॉप लहान करायला सांगितलं, १० बाय ६ लावला. चौथा म्हणाला, कुठून तरी हवा खातंय. मी कार्ब्युरेटरखालची ओ-रिंग बदलली, मागच्या झाकणाचं गॅस्केट नवं कापलं. मग बेअरिंगचा संशय आला, म्हणून केसिंग ओव्हनमध्ये तापवून दोन्ही बेअरिंगं काढली. आतून बघितली तर गुळगुळीत, गंजाचा ठिपका नाही. तरी नवी घातली. काढलेली बेअरिंगं परत घालायला माझा हात होईना.

आणि प्रत्येक वेळी मी एक नाही, दोन-तीन गोष्टी एकदम बदलत होतो. रविवार एकच, घाई फार. प्लग बदलला त्याच दिवशी सुईही फिरवली. प्रॉप बदलला त्याच दिवशी इंधनही. एखादं उड्डाण जरा लांबलं तर कशामुळे लांबलं ते सांगता यायचं नाही, आणि मला ते सांगता येत नाही हेही माझ्या लक्षात यायचं नाही. मी सल्ला विचारत होतो, सल्ला मिळत होता, खिसा हलका होत होता.

या सगळ्यात माझी भाची माझ्याबरोबर होती. अकरावीची परीक्षा झाली आणि सुट्टीला आमच्याकडे आली. पहिल्या रविवारी म्हणाली, "मामा, शेपूट मी धरतो." आमच्या बाजूच्या पोरी करतो-जातोच बोलतात, बाहेरच्यांना ते ऐकून गंमत वाटते. मी तिला आधी प्रॉपच्या रेषेत कधी उभं राहायचं नाही ते शिकवलं, सुईला हात लावायचा तर मागच्या बाजूनंच, आणि सैल ओढणी असेल तर माळावर यायचंच नाही. ते तिनं एकदाच ऐकलं आणि पाळलं.

तिला दुसरं एक काम होतं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून उड्डाण संपलं की टाकीत उरलेलं इंधन मी काढून घेतो. भरायच्या नळीला पन्नास मिलीची सिरिंज लावायची, दट्ट्या ओढायचा, बाटलीत रिकामी करायची, पुन्हा लावायची. कंटाळवाणं काम. ते मी तिच्याकडे दिलं आणि विसरलो.

सहाव्या रविवारी विमान उसात पडलं, पुढचं चाक मोडलं, पंखाला भोक पडलं. त्या संध्याकाळी मी परसात विमान घेऊन बसलो होतो. मी बायकोला सांगून टाकलं होतं, की हे इंजिन विकतो आणि इलेक्ट्रिक मोटर बसवतो. भाची आतून वही घेऊन आली. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची जुनी वही, मागची पानं कोरी राहिलेली.

"मामा, रागावणार नसला तर एक विचारू?"

"विचार."

"टाकी किती मिलीची?"

"तीनशे."

तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. पट्टीनं आखलेले रकाने. तारीख. इंधन. प्रॉप. प्लग. सुई किती फेरे उघडी. किती मिनिटांनी बंद पडलं. शेवटचा रकाना होता, "उरलेलं (सिरिंजा)".

वेळेच्या रकान्यात मेळ नव्हता. पाच मिनिटं दहा सेकंद. चार-पंचवीस. नायट्रोचं इंधन होतं तेव्हा तीन-पन्नास. एकदा मी भीतीनं अर्ध्या थ्रॉटलवर फिरवत राहिलो होतो, तेव्हा साडेसहा. ते वाचून मी म्हणालो, "यात काय कळतंय? सगळं वेगवेगळं आहे."

"ते वेगळंच आहे. हे बघा." तिनं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

पावणेतीन. पावणेतीन. अडीच आणि थोडी. पावणेतीन. पावणेतीनला किंचित जास्त. पावणेतीन.

मी परसातला दिवा लावला आणि पुन्हा वाचलं.

"तापून बंद पडत असतं तर वेळेशी काहीतरी जुळलं असतं," ती म्हणाली. "प्लग असता तर नव्या प्लगनं फरक पडला असता. कुठून हवा जात असती तर टाकी भरलेली असतानाही गेली असती. तुम्ही काहीही बदला, ते त्याच पातळीला थांबतंय. दीडशेच्या जरा खाली. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण ही खोट इंजिनात आहे असं वाटत नाही."

त्या क्षणी मला आनंद झाला नाही. छातीत काहीतरी खाली बसलं. सहा आठवडे मी इंजिनाकडे बघत होतो. टाकी विमानाच्या पोटात, फोममध्ये गुंडाळलेली, पंख काढल्याशिवाय दिसत नाही. सुई बाहेर, हाताशी. माझा हात जिथे पोचत होता तिथेच माझं डोकं पोचत होतं.

आणि जमिनीवर सगळं ठीक का वाटायचं, तेही तिथल्या तिथे उलगडलं. इंधन महाग म्हणून जमिनीवरची जुळवणी मी नेहमी भरल्या टाकीवर मिनिटभरात उरकायचो. नळी क्षणभर चिमटून आवाज उचलतो का बघायचं, नाक वर धरून आवाज टिकतो का बघायचं, सगळं भरल्या टाकीवर. अर्ध्या टाकीवर मी इंजिन जमिनीवर एकदाही चालवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी विमान बाकाला पट्ट्यानं आवळून बांधलं. काहीही बदललं नाही. सुई जिथे होती तिथे. टाकीत मोजून साडेतीन सिरिंजा, पावणेदोनशे मिली. भाची प्रॉपच्या मागच्या बाजूला, गुडघ्यावर बसून, टाकीकडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या सिलिकॉनच्या नळीकडे बघत होती. नळी पारदर्शक. इंजिन सुरू झालं, आवाज बांधला. मिनिटभर काही नाही. मग तिनं नुसता हात वर केला.

मी वाकून बघितलं. नळीतून बुडबुडे चालले होते. आधी एखाददुसरा, मग साबुदाण्यासारखी सलग माळ. माझ्या कानासमोर तोच ओळखीचा आवाज चढायला लागला. मी थ्रॉटल बंद केलं. पुन्हा एक क्षणही त्याला भाजू द्यायचं नव्हतं.

टाकी काढली, बूच उघडलं. या टाकीची रचना साधी असते. बुचातून पितळेची एक बारीक नळी आत येते, तिच्या टोकाला मऊ सिलिकॉनची नळी, आणि तिच्या टोकाला वजनाचा खडा. विमान कसंही वळलं तरी खडा इंधनाबरोबर खाली जातो आणि तळातून इंधन ओढतो. खडा ठीक होता. नळी सरळ धरली तर ठीक दिसत होती. मी ती बोटांवर वाकवली आणि पितळेच्या टोकाशी, बुचापासून बोटभर अंतरावर, एक बारीक चीर ओठासारखी उघडली.

ती जागा टाकीच्या साधारण मधोमध येते. इंधन तिच्यावर असेपर्यंत चिरेतूनही इंधनच ओढलं जातं, कुणाला काही कळत नाही. पातळी तिच्याखाली गेली की खड्यातून इंधन येतं आणि चिरेतून हवा. नाक वर करून चढण घेतली की इंधन मागे सरकतं आणि पुढची चीर आणखी लवकर उघडी पडते. नाहीतरी विमान बहुतेक वेळा चढणीवरच बंद पडायचं.

मग मी पितळेच्या नळीच्या टोकावरून बोट फिरवलं, आणि बोटाला ते लागलं.

कापलेल्या कडेला धारदार कोर राहिली होती. ही टाकी मीच जोडली होती, डिसेंबरमध्ये, रात्री साडेदहाला, दुसऱ्या दिवशी उडवायची म्हणून. नळी कापली, फुंकून किस काढला, आणि कानस न फिरवताच सिलिकॉन वर चढवला. कारखान्यात कुणा पोरानं अशी कड ठेवली असती तर मी ते काम परत केलं असतं. इंजिनाच्या कंपनानं त्या कोरेनं सिलिकॉन रोज थोडा थोडा कापत आणला होता.

कानस फिरवायला वीस सेकंद लागले. नंतर पॉलिश पेपर. वीतभर नवी नळी काही रुपयांची. टाकीभोवती फोम पुन्हा नीट भरला, कारण कंपनं टाकीत पोचली तर इंधनाचाच फेस होतो आणि दुखणं दुसऱ्या दारानं परत येतं.

नुकसान मात्र भरून आलं नाही. माझं इंजिन एबीसी जातीचं, म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा मुलामा दिलेली पितळी स्लीव्ह. स्लीव्ह वरच्या बाजूला मुद्दाम किंचित निमुळती ठेवतात. थंड असताना प्रॉप हातानं फिरवला की वर पिस्टन घट्ट अडतो, आणि तापल्यावर स्लीव्ह पसरून दोघांचं नेमकं जुळतं. ती अडण नव्यासारखी राहिली नव्हती. सहा रविवार, प्रत्येक उड्डाणाच्या शेवटी ते तेलाशिवाय भाजलं गेलं होतं, आणि दर वेळी मी त्यालाच दोष देऊन त्याचाच एखादा भाग बदलत होतो. आता प्रॉप फिरवला की वरची ती पकड सैल लागते. ते जाणवतं तेव्हा मला अजून वाईट वाटतं.

रविवारी माळावर आप्पांना ती नळी दाखवली. धारदार कोरेचं, सिरिंजांचं, सगळं सांगितलं. आप्पांनी चष्मा वर केला, नळी वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. बराच वेळ बोलले नाहीत. मग भाचीकडे वळले.

"पोरी, ती वही आणलीयस?"

तिनं दिली. आप्पा विमानांच्या पेटीवर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. प्लगच्या रकान्यापाशी थांबले. "इथं मी सांगितलं होतं, प्लग गेलाय." मग खाली बोट नेलं. "किती उरलं होतं ते मी विचारलंच नाही. आम्ही कुणीच विचारलं नाही." वही परत देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली.

मी टाकी भरली. जुनाच प्रॉप, ११ बाय ६. जुनंच इंधन, ऐंशी-वीस. सर्वांत जास्त फेऱ्यांची जागा शोधली आणि तिथून मागे आलो, नेहमीपेक्षा एक क्लिक जास्त मागे, कारण आता त्याला तेल जास्त हवं होतं. मागे धुराची पांढरी रेघ दिसत होती, तेवढं मला पुरे होतं.

विमान वर गेलं. पाच मिनिटं झाली तेव्हा माझे तळवे ओले होते. सहाव्या मिनिटाला मी मुद्दाम लांब चढण घेतली, आवाज बदलला नाही. आठव्या मिनिटाला उसाच्या कडेनं मोठं वळण घेतलं. नऊ मिनिटं आणि काही सेकंदांनी आवाज किंचित चढला, दोनदा खोकला आणि थांबला. मी आधीच उंची राखून माळाच्या डोक्यावर आलो होतो. वाऱ्याच्या तोंडाला ते हळूच उतरलं आणि गवतात थांबलं.

भाची धावत गेली. मी पोचेपर्यंत तिनं सिरिंज लावली होती. दट्ट्या ओढला, नळीतून फेस आला आणि मग नुसती हवा. तिनं वही उघडून शेवटच्या रकान्यात शून्य घातलं.

"मामा, मधे सुईला हात लावला होता?"

"नाही."

तेही तिनं लिहून घेतलं.